आधी हात, मग मन

(बंगळुरू येथील मराठी श्रोत्यांसमोर वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



'ख्रिस्ती श्रद्धा आणि क्षमा' या विषयावर बोलाल का, असं संयोजकांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, पण एक अट घातली. क्षमा किती थोर आहे, यावर मी बोलणार नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला ते सांगायला व्याख्याता कशाला हवा? अडचण त्याच्या पुढे आहे. ज्याचं खरोखर काही लुटलं गेलं आहे, ज्याचं मूल गेलं, नवरा गेला, ज्याच्या सख्ख्या भावानं गोड बोलून सही घेतली आणि जमीन गिळली, असा माणूस म्हणतो, "सगळं पटतं हो, पण माझ्याच्यानं होत नाही." आज मी बोलणार आहे ते या एका वाक्याबद्दल. होत नाही, त्याचं काय करायचं? बळ आणायचं कुठून?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना सिल्क बोर्डाचं ट्रॅफिक लागायच्या आत घर गाठायचं आहे त्यांची पंचाईत नको. बळ आलं की क्षमा करू, असा क्रम आपण मनाशी धरून बसतो. ज्यांनी खरोखर क्षमा केली त्यांची आयुष्यं बघितली तर क्रम उलटा दिसतो. त्यांचा हात आधी पुढे गेला. मन मागून आलं, काहींचं बऱ्याच उशिरा आलं. आणि मन तयार नसताना हात पुढे करायला त्यांना लावलं ते त्यांच्या श्रद्धेनं. मी नगरचा ख्रिस्ती माणूस. लहानपणापासून रविवारच्या उपासनेत क्षमेवरचे उपदेश ऐकत आलो. पण हा उलटा क्रम मला उपदेशांपेक्षा माणसांकडून कळला. त्यातली काही माणसं आज तुमच्यासमोर आणतो.

पहिली घटना मध्य प्रदेशातली आहे, आणि तो मुलूख मराठी माणसाला परका नाही. होळकरांचं इंदूर, पवारांचं देवास. आपल्या बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले कुमार गंधर्व पुढे त्याच देवासचे झाले. या देवास जिल्ह्यात उदयनगर नावाचं गाव आहे. तिथं १९९२ पासून सिस्टर राणी मारिया नावाची एक धर्मभगिनी काम करत होती. मूळची केरळातली, पुल्लुवळी गावची, फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाची. तिथल्या आदिवासी शेतमजुरांच्या मानगुटीवर सावकार बसलेले. सिस्टरनं बायाबापड्यांना एकत्र करून बचतीची सवय लावली, बँकेतून कर्ज कसं मिळवायचं ते शिकवलं, सरकारी योजनेतला हक्काचा पैसा कसा मागायचा ते सांगितलं. यात धर्माचा प्रश्न कमी आणि व्याजाचा जास्त होता. ज्यांचं व्याज बुडू लागलं त्यांच्या डोळ्यांत ती सलू लागली.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती उदयनगरहून इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसली. वाटेत समंदरसिंग नावाच्या तरुणानं बसमध्ये तिच्यावर चाकू चालवला. त्याला पुढे करणारे दुसरेच होते. बस माणसांनी भरलेली होती आणि कुणी मधे पडलं नाही. तिच्या अंगावर चोपन्न जखमा मोजल्या गेल्या. वय ४१.

समंदरसिंगला जन्मठेप झाली. ज्यांनी त्याला भरीला घातलं त्यांनी हात झटकले. बायको सोडून गेली, मूल वारलं. बाहेर पडल्यावर या लोकांचा सूड घ्यायचा, असं त्यानं तुरुंगात मनाशी पक्कं केलं होतं, हे पुढे तो स्वतःच सांगत आला. स्वामी सदानंद या नावानं ओळखले जाणारे एक कॅथॉलिक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटायला जाऊ लागले. त्यांच्यामुळे २००२ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमाराला, राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तीही त्याच संघातली धर्मभगिनी. तिनं त्याच्या मनगटाला राखी बांधली.

इथं जरा थांबू. सेल्मी केरळची ख्रिस्ती मुलगी. राखी ही काही तिच्या घरची रीत नव्हे. क्षमा केल्याचं सांगायला तिला बायबल उघडता आलं असतं, प्रार्थना म्हणता आली असती. तिनं त्याच्या गावाकडची, त्याला आईच्या दुधाबरोबर कळलेली गोष्ट निवडली. ज्या मनगटाच्या जोरावर चाकू चालला त्या मनगटाभोवती दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची. एवढं करायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. पण खुनापासून त्या अर्ध्या मिनिटापर्यंत यायला सात वर्षांहून जास्त काळ गेला होता. आणि राखीचा अर्थ समंदरसिंगला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. राखी बांधून घेतली की बहिणीचं रक्षण अंगावर येतं. जिची बहीण त्यानं मारली तीच आता त्याची बहीण झाली.

पुढच्या वर्षी राणी मारियाची आई तुरुंगात आली. तिनं समंदरसिंगचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं. या हातांना माझ्या लेकीचं रक्त लागलं होतं, अशा अर्थाचं ती बोलली. हे वाचल्यावर मला बरेच दिवस काही सुचलं नव्हतं. ज्या हातांकडे बघवू नये त्याच हातांत आईला लेकीचा शेवटचा स्पर्श सापडला. कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकात ही युक्ती लिहिलेली नाही.

समंदरसिंगची शिक्षा कमी व्हावी म्हणून दयेचा अर्ज झाला, त्याला राणी मारियाच्या घरच्यांनी पाठिंबा दिला. २००६ मध्ये तो सुटला. त्यानंतर केरळात जाऊन तिच्या आईवडिलांच्या पाया पडून आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियाला 'धन्य' घोषित करण्याचा मोठा सोहळा झाला, त्या गर्दीत तो होता. आणि ज्यांचा सूड घ्यायचा त्यानं ठरवलं होतं, तो सूड राहून गेला. सेल्मीची राखी मेलेल्या बहिणीला परत आणू शकली नाही, पण एक खून मात्र तिनं होऊ दिला नाही. क्षमेनं काय साधतं, असं विचारणाऱ्यांना एवढा हिशेब पुरे.

आता हात आधी आणि मन मागून, हे म्हणणं मी ज्या बाईंच्या साक्षीवर मांडतो आहे त्यांच्याकडे वळतो. हॉलंडमधल्या हार्लेम गावात टेन बूम नावाचं घड्याळजींचं कुटुंब होतं. नाझींच्या काळात या घरानं ज्यूंना लपवून ठेवलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये हे कुटुंब पकडलं गेलं. म्हातारे वडील दहा दिवसांत कैदेतच वारले. कॉरी आणि तिची बहीण बेट्सी यांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडलं. त्या वर्षाच्या डिसेंबरात बेट्सी तिथंच गेली. युद्ध संपल्यावर कॉरी गावोगाव फिरून क्षमेवर बोलू लागली. १९४७ साली म्युनिकमध्ये असंच भाषण संपलं आणि गर्दीतून एक माणूस पुढे आला. तिनं ओळखलं: छावणीतला पहारेकरी. त्यानं तिला ओळखलं नव्हतं. आपण आता ख्रिस्ती झालो आहोत, देवानं आपल्याला क्षमा केली आहे, पण तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, असं म्हणून त्यानं हात पुढे केला.

नुकतंच क्षमेवर भाषण करून खाली उतरलेली ही बाई! तिला हात उचलवेना. पुढे तिनं हे सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. मनात प्रेमाचा टिपूस नव्हता. तिनं देवाला मनातल्या मनात एवढंच सांगितलं की हात मी उचलते, भावना तू दे. आणि एखादं यंत्र हलवावं तसा हात उचलून त्याच्या हातात दिला. ऊब आली ती त्यानंतर.

आमच्या ख्रिस्ती मंडळींत क्षमेवर बोलताना एक घोळ होतो. 'मनापासून क्षमा करा' असं आम्ही सांगतो आणि मग बिचारा माणूस आपलं मन तपासत बसतो. आलं का मनापासून? अजून नाही. मग थांबू. प्लास्टर काढल्यावर हाताचं असंच होतं. बोटं वळत नाहीत म्हणून हलवली नाहीत तर ती कधीच वळत नाहीत. फिजिओथेरपिस्ट दुखत असतानाच हलवायला लावतो आणि जोर त्या हलवण्यातून येतो. कॉरीनं पहारेकऱ्यासमोर केलं ते हेच.

पण हलवायला लावणारी ती गोष्ट कोणती? आता शुभवर्तमानाकडे येऊ. येशूच्या दोन गोष्टी सांगतो. त्या ख्रिस्ती नसलेल्यांनीही ऐकलेल्या असतात, पण घाईत ऐकलेल्या असतात.

पहिली गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू त्याला सत्तर पटींचा आकडा सांगतो आणि मग दृष्टांत देतो. एका राजाचा चाकर दहा हजार तालंतांचा देणेकरी होता. एका तालंतात सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर वर्षाचे तीनशे दिवस काम करूनही हे देणं फिटायला दोन लाख वर्षं लागतील. राजा ते सगळं सोडतो. तोच चाकर बाहेर येतो, आपल्या शंभर दिनारांच्या देणेकऱ्याची मानगूट धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

उपदेशात ही गोष्ट सांगताना शंभर दिनार म्हणजे किरकोळ रक्कम, असं सांगायची पद्धत आहे. ती बरोबर नाही. शंभर दिनार म्हणजे मजुराची चार महिन्यांची कमाई. इथं बांधकामावर काम करणाऱ्या रायचूर-कलबुर्गीच्या मजुराला चार महिने पैसे दिले नाहीत तर तो काय म्हणेल, ते विचारा. येशू त्या दुसऱ्या देण्याला क्षुल्लक म्हणत नाही. तुझं नुकसान खरं आहे, आकडा मोठा आहे, हे तो धरूनच चालतो. पण तू हिशेबाच्या कुठल्या बाजूला उभा आहेस ते बघ, असं तो सुचवतो. ख्रिस्ती माणसाला क्षमा जमते ती इथून. तो देवासमोर आपलं देणं आधी माफ झालेलं बघतो आणि मग समोरच्या माणसाकडे सावकाराच्या गादीवरून बघणं त्याला अवघड जातं. मी तुझ्यापेक्षा मोठा म्हणून तुला सोडतो, असा सूर त्यात राहत नाही. त्या सुरातली क्षमा घेणाऱ्याला चाबकासारखी लागते, हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी अनुभवलं आहे.

दुसरी गोष्ट वधस्तंभावरची, लूकच्या शुभवर्तमानातली. आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांना येशूनं क्षमा केली, असं आपण म्हणतो. जरा नीट वाचा. तो त्या शिपायांना उद्देशून काही बोलत नाही. तो पित्याकडे त्यांच्यासाठी क्षमा मागतो, त्यांना आपण काय करतो आहोत ते कळत नाही म्हणून. 'माझ्याच्यानं होत नाही' म्हणणाऱ्या माणसासाठी या प्रसंगात मोठी सोय आहे. ज्याच्या तोंडून 'मी तुला क्षमा केली' हे शब्द निघत नाहीत, त्यानं निदान एवढं म्हणावं: देवा, मला हे झेपत नाही, तू त्याला क्षमा कर. शत्रूचं नाव प्रार्थनेत एकदा घेतलं तरी पहिलं पाऊल पडलं. माझ्या ओळखीचे एक वयस्क पाळक सांगायचे, ज्याचा राग आहे त्याचं नाव प्रार्थनेत उच्चारायला सुरुवात केली की पहिले काही दिवस दात आवळलेले असतात. चालतं. आवळलेल्या दातांनी केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच.

इथं कुणाच्या मनात पैठणचे एकनाथ महाराज आले असतील. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक जण थुंकत राहिला, नाथ दर वेळी पुन्हा स्नानाला गेले, एकशे आठ वेळा, आणि शेवटी त्याचेच उपकार मानले. शांतिब्रह्म हे नाव त्यांना शोभतं. मला त्या कथेपुढे हात जोडावेसे वाटतात. पण आपल्यातल्या पुष्कळांना ती परवडत नाही. नाथांना ओरखडाही उठला नव्हता; आपल्याला उठलेला आहे. ख्रिस्ती कथा सुरू होते ती जखमेपासून, आणि विशेष म्हणजे जखम शेवटपर्यंत राहते. पुनरुत्थान झालेला येशू शिष्यांना भेटतो तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच असतात. संशयी थोमाला तो त्याच दाखवतो. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील, तो हाच थोमा. क्षमा केली म्हणजे व्रण नाहीसे झाले पाहिजेत, ही अट निदान येशूनं तरी पाळलेली नाही. तेव्हा "अजून आठवतं, म्हणजे मी क्षमा केलीच नाही" असं म्हणून स्वतःला छळू नका.

दुसरा घोळ कायद्याचा. क्षमा केली तर मग गुन्हेगाराला मोकळं सोडायचं का? याचं उत्तर ग्लॅडिस स्टेन्स यांनी दिलं आहे. त्यांचे पती ग्रॅहम स्टेन्स १९६५ साली ऑस्ट्रेलियातून ओडिशात आले आणि बारीपदा इथं कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिले. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावात ते आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपले होते. मुलं उटीच्या शाळेत शिकणारी, सुट्टीत वडिलांबरोबर आलेली. मध्यरात्री जमावानं गाडीला आग लावली आणि तिघंही जळून गेले. मागे राहिल्या ग्लॅडिस आणि तेरा वर्षांची मुलगी एस्थर. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, आणि ऑस्ट्रेलियाला निघून न जाता पुढची पाच वर्षं बारीपद्यात राहून कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. ग्रॅहम यांच्या नावाचं रुग्णालय २००४ मध्ये उभं राहिलं. २००५ साली सरकारनं ग्लॅडिस यांना पद्मश्री दिली.

दरम्यान खटला चालूच होता. २००३ मध्ये सत्र न्यायालयानं मुख्य आरोपी दारासिंगला फाशी सुनावली, २००५ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. २००३ च्या निकालाच्या वेळी ग्लॅडिस यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: माझ्या मनात कटुता नाही, मी क्षमा केली आहे, पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नका. त्यांनी कोर्टाच्या कामात पाय घातला नाही आणि कोर्टाच्या निकालावर आपली क्षमा टांगूनही ठेवली नाही. फाशी झाली असती तरी, जन्मठेप झाली तरी, त्यांची क्षमा जिथल्या तिथं होती. सूड हा न्यायाच्या वेषात येतो तेव्हा त्याला निकाल हवा असतो, आणि निकाल लागल्यावरही त्याचं पोट भरत नाही. ग्लॅडिस यांना निकालाची वाट बघत बसावं लागलं नाही, म्हणून त्या दुसऱ्या दिवसापासून कामाला लागू शकल्या.

हे सगळे खून, जाळपोळ, छळछावण्या. श्रोत्यांपैकी एखादी म्हणेल, माझ्या घरात कुणी कुणाला मारलेलं नाही, फक्त वीस वर्षं कुणी कुणाशी सरळ बोललेलं नाही, त्याचं काय? तिच्यासाठी मी आपल्या घरची बाई आणली आहे: लक्ष्मीबाई टिळक.

त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आज आपण त्याला धर्मस्वातंत्र्य म्हणू. लक्ष्मीबाईंसाठी ते घर कोसळणं होतं. पदरी लहान दत्तू, नवरा जिवंत असून दुरावलेला, नातेवाइकांच्या आश्रयानं दिवस काढायचे, लोकांची बोलणी खायची. अशी सुमारे पाच वर्षं गेली. मग त्या टिळकांकडे राहायला गेल्या, आणि गेल्या त्या हिंदू म्हणूनच, आपलं सोवळंओवळं, आपली चूल वेगळी ठेवून. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. म्हणजे इथंही पाय आधी गेले. श्रद्धा मागून आली.

पण मला त्यांची क्षमा खरी दिसते ती 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात. टिळक १९१९ मध्ये गेले. पुस्तक प्रसिद्ध होऊ लागलं १९३४ पासून. पंधरा वर्षांत मेलेल्या नवऱ्याला देव करून टाकणं अगदी सोपं होतं. लक्ष्मीबाईंनी टिळकांचा ताडकन येणारा राग लिहिला, घर सोडून निघून जाणं लिहिलं, पैशांच्या बाबतीतला आनंदीआनंद लिहिला, स्वतःच्या वाट्याला आलेले हाल लिहिले. काही म्हणून झाकलं नाही. आणि हे वाचताना आपण हसतो! जिला अजून हिशेब चुकता करायचा आहे तिला असं लिहिता येत नाही. तिच्या वाक्यावाक्याला धार असते. लक्ष्मीबाईंच्या वाक्यात सगळं खरं आहे आणि धार नाही. त्यांनी याच काळात टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं करायला घेतलं. ज्या विश्वासापायी त्यांचा संसार मोडला होता, त्याच विश्वासाचं महाकाव्य त्यांच्या हातून पूर्ण झालं. झालेलं सगळं खरं सांगता येणं आणि सांगताना विष न कालवणं, घरगुती क्षमेची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

आता एक कडक गोष्ट सांगायची आहे. क्षमा हा शब्द आपल्याकडे फार वेळा दुबळ्याच्या तोंडावर बोळा म्हणून वापरला जातो. नवरा मारतो, आणि सासर-माहेर दोन्हीकडचे, कधी कधी आमच्या मंडळीतले वडीलधारेही, तिला सांगतात, "पोलिसांत जाऊ नकोस, क्षमा कर, घराची अब्रू आहे." हे शुभवर्तमान नव्हे. त्या दृष्टांतात राजानं आपलं स्वतःचं येणं माफ केलं होतं. दुसऱ्याचं येणं माफ करण्याचा अधिकार कुणालाच दिलेला नाही. जिला मार बसला तिनं क्षमा करायची की नाही, केव्हा करायची, हे फक्त ती आणि तिचा देव ठरवतील. आणि क्षमा केल्यावर त्याच घरात परत जाऊन राहायचं असं कुठंही लिहिलेलं नाही. आधी तिला सुरक्षित जागा द्या. ग्लॅडिस यांना कुणी क्षमेचा आग्रह केला नव्हता. म्हणून त्यांच्या क्षमेला किंमत आहे.

याचीच दुसरी बाजू आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू आहे. सप्टेंबर २००८ मध्ये मंगळुरूत चर्चवर हल्ले झाले, त्याच सुमाराला कंधमालमध्ये माणसं मारली गेली. ते करणाऱ्यांना क्षमा ज्यांनी सोसलं त्यांनी करायची, व्यासपीठावरून मी नाही. आणि गोव्यात १५६० पासून अडीचशे वर्षं जे इन्क्विझिशन चाललं त्याच्या आठवणी इथल्या काही घराण्यांत अजून असतील, कारण त्या छळामुळेच कित्येक कुटुंबं घाट ओलांडून कर्नाटकात आली. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये भर उपासनेत चर्चच्या लेकरांच्या हातून इतिहासात घडलेल्या पापांबद्दल क्षमा मागितली. क्षमेवर बोलायचा अधिकार हवा असेल तर ती मागायचीही तयारी हवी. मागणाऱ्याचा हातही आधीच पुढे यावा लागतो.

बंगळुरूत क्षमेचा अभ्यास कुठं करायचा? शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात ८ सप्टेंबरच्या यात्रेला भगव्या साड्या नेसलेल्या हजारो बायका येतात, विवेकनगरच्या बाळ येशूच्या चर्चमध्ये दर गुरुवारी सर्व धर्मांची रांग लागते. नोकरी, व्हिसा, मूलबाळ, दुखणं यांसाठी मेणबत्त्या लागतात. त्यातली एक मेणबत्ती ज्याचं नाव घेतल्यावर पोटात गोळा येतो त्याच्या नावानं लावून बघा. आणि ज्यांना याहून पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी, तुरुंगातल्या बंद्यांमध्ये काम करणारी 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' ही १९८१ साली केरळात सुरू झालेली कॅथॉलिक संस्था आहे, तिचं राष्ट्रीय कार्यालय आपल्याच शहरात आहे. आपल्याला दुखावणाऱ्याचं तोंड बघवत नसेल, तर दुसऱ्या कुणाला दुखावणाऱ्या माणसाला आधी भेटून या. समंदरसिंगकडे बहीण पोचण्याआधी एक परका माणूस पोचला होता, हे विसरू नका.

सुरुवातीला संयोजकांनी माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. "आम्ही ख्रिस्ती नाही. मग हे बळ आम्हाला कुठून मिळायचं?" प्रश्न रास्त आहे, आणि गोलमाल उत्तर देणार नाही. मी ख्रिस्ती आहे. माझ्यापुरतं मला वाटतं की हे बळ वधस्तंभावरून येतं, त्याला आम्ही कृपा म्हणतो, आणि ती कृपा बाप्तिस्म्याचा दाखला बघून वाटली जात नाही. तुम्ही तिला वेगळं नाव द्याल, काही जण नावही देणार नाहीत. सिस्टर सेल्मीला ख्रिस्ताची आज्ञा पाळायला हिंदूंची राखी चालली. तुम्हाला तुमच्या घरचं काही चालेल: दिवाळीचा फराळ, तिळगूळ, मयताच्या घरी न बोलावता जाऊन बसणं, अडलेल्या भावाच्या मुलाची फी. छोटं असू द्या. मनापासून नसलं तरी असू द्या. दुसऱ्या दिवशी राग पुन्हा येईल. तेव्हा पुन्हा तेच करायचं. पेत्राला सांगितलेला तो मोठा आकडा निरनिराळ्या अपराधांसाठी असेलही, पण माझा अनुभव असा की बऱ्याचदा तो एकाच अपराधासाठी पुरवावा लागतो.

बळ येईपर्यंत थांबलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत, आमच्या नगरला आणि इथंही. काहींनी थांबण्यात पस्तीस-चाळीस वर्षं काढली. थांबल्यामुळे बळ आलं, असं सांगणारा मात्र मला अजून भेटायचा आहे. तुम्हाला भेटला तर पुढच्या वर्षी माझ्याऐवजी त्याला बोलवा. मी समोर येऊन बसेन.